पळसाच्या पानांचा त्रिंबक

नदीच्या उतारावर तो समोर आला आणि माझ्या कमरेची घागर निसटली. तीनच महिन्यांपूर्वी याच वाळूवर त्याला जाळताना मी टेकाडावरून पाहिलं होतं!

त्याला म्हणजे, देह हाती नव्हता म्हणून केलेल्या पळसाच्या पानांच्या पुतळ्याला. त्रिंबक आमच्या शेजारचा. जाफराबादच्या तहसिलीत पेशकार, म्हणजे साहेबापुढं कागद मांडणारा कारकून होता, मग हैदराबादला चढला आणि सरकारी शिष्टमंडळाबरोबर दुभाषा म्हणून विलायतेला गेला. निघताना म्हणाला होता, "थांबशील?" मी नुसती हसले... मनात मात्र हजारदा हो म्हटलं.

मग एक दिवस त्याची पेटी एकटीच आमच्या गावी, टेंभुर्णीला आली. माणसाशिवाय पेटी येते ती मेलेल्याचीच, असं सगळ्यांनी धरलं. आतली चिठ्ठी कचेरीची, इंग्रजीत; पटवाऱ्याला येत होती उर्दू नि मोडी. दहाव्याला पिंडाला कावळा काही शिवेना. त्याच्या आईनं, द्वारकाबाईंनी, नाही नाही ती वचनं दिली. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

"घाबरलीस?" तो म्हणाला.

"आधी... पाय दाखवा."

त्यानं बूट काढले. पावलं सरळ होती.

"चिठ्ठीत काय होतं?"

"बदली झाली, पेटी पुढं पाठवून राह्यले, एवढंच! इंद्रायणी, परक्या दरबारात सरकारी शिक्का दाखवला की दारं उघडत्यात. माय मात्र कडी लावून आत रडून राह्यली."

गुरुजींनी तोड सांगितली. ज्याचं दहन झालं त्यानं पुन्हा जन्म घ्यायचा, आत्यानं, नाहीतर दुसऱ्या कुणी, कानात सांगून नाव ठेवायचं. दिवस मावळायच्या आत नाव पडलं नाही, तर गावाला तो मेलेलाच.

दुसऱ्या दिवशी देवळापुढे त्याला तुपानं न्हाऊ घातलं, दुपट्यात गुंडाळून बसवलं. जगाशी बोलण्याचा पगार घेणारा माणूस, पण तान्ह्याला बोलता येत नाही म्हणून गप्प! मला हसू येत होतं.

त्याची आत्या गोजरबाई दोन पावलं पुढं आली आणि थांबली.

"जाळलेल्याचं नाव पयलं जो घेतो, त्याला तो संगं नेतो," ती पुटपुटली. "मला न्हाई जमायचं."

कुणीच हललं नाही. द्वारकाबाई खांबाला धरून उभ्या होत्या. लिंबाचं पानही हलत नव्हतं. भिंतीवर एक कावळा येऊन बसला होता, ओरडत नव्हता, नुसता त्याच्याकडे बघत होता. ऊन कळसावरूनही सरू लागलं तसा त्रिंबकचा चेहरा पांढरा पडत गेला... जणू खरंच विझत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. एवढा एकटा माणूस मी कधी पाहिला नव्हता.

आईनं माझा पदर घट्ट धरला होता. मी तो सोडवून घेतला. ज्याच्याशी लग्न करायचं त्याचं नाव आमच्यात बाईनं घ्यायचं नसतं. पण मला तो हवा होता, जिवंत, माझा. मी वाकले, त्याच्या कानाशी ओठ नेले.

"त्रिंबक."

त्याचा श्वास गालाला लागला, बर्फासारखा गार. भिंतीवरचा कावळा एकदाच ओरडला आणि उडून गेला. मग हळूहळू तो श्वास कोमट झाला.

"आत्या काय म्हनली, ऐकलंस ना?" तो कुजबुजला. "आता तुला संगं न्यावंच लागल."

"मंग न्या की," मी म्हणाले. "पन पेटी आन् मानूस... दोन्ही बराबरच निघायचं."