दोन थापा

हसा लेको, हसा! पण हे ऐकीव नाही, आपल्या शिंप्याच्या बाबतीत घडलंय. त्याची स्कूटर माझ्याच गॅरेजात दुरुस्तीला येते. आणि दिवा राहू दे रे बंद, अंधारात काही कान जात नाहीत.

शिंप्याची बायको म्हणजे फुंकर मारली तर उडेल एवढीशी. स्कूटरवर मागे बसली की नवऱ्याच्या खांद्यावर दोन थापा मारायची. म्हणजे, बसले, चला. लग्नापासूनची पद्धत. एकदा पेट्रोल पंपावर ती उतरली होती. रांगेतल्या कुणा उतावळ्यानं, पुढे सरका म्हणून, शिंप्याच्या खांद्यावर दोनदा थोपटलं. गडी निघाला की! घरापर्यंत तिच्याशी गप्पा मारत गेला. ती बिचारी हाका मारत मागे धावली होती. रस्त्यावर आली, आणि ट्रक... जाऊ दे.

तेव्हापासून तिची पाय ठेवायची पट्टी त्यानं वर दुमडून टाकली. तीन वर्षांत ती अशी गंजून बसली की माझ्या हातोड्यालाही दाद देईना. तो पंपही सोडला. लांबचा वळसा घेईल, पण तिकडे फिरकणार नाही.

गेल्या हिवाळ्यातली गुरुवारची रात्र. गिऱ्हाइकाचा कोट पोचवून परत येताना पेट्रोल संपलं. साडेअकरा वाजून गेलेले. स्कूटर ढकलत ढकलत गेला, तर उघडा होता नेमका तोच पंप. करतो काय! टाकी भरली. पंपावरचा माणूस केबिनमध्ये जाऊन बसला. आजूबाजूला चिटपाखरू नाही.

यानं स्कूटर सुरू केली, आणि...

खांद्यावर थाप. मग दुसरी.

आरशात बघायचा धीर होईना. भुताला नव्हता घाबरला रे तो. मागे कुणी नसलं तर, याला घाबरला.

"बसलीस?"

...

"नीट बसलीस ना गं?"

स्कूटर मागून दबली. एवढीशीच.

निघाला. पायी चालणारा पुढे जाईल इतका हळू. वाटेत सांगत राहिला. पोरगी नोकरीला लागली. तुझं शिलाई मशीन तसंच ठेवलंय. मी एकदा वळून बघायला हवं होतं गं... एकदाच...

घर आलं.

"उतर हं. सावकाश."

स्कूटर हलकी झाली. तो वळला.

कुणी नव्हतं. तिथंच फाटकाशी बसून हमसून हमसून रडला तो. पोरगी धावत बाहेर आली, तर म्हणाला, "आणलं गं तुझ्या आईला घरी."

पोरीनं सकाळी मला बोलावलं. म्हटलं, बापाचं डोकं फिरलं असेल, समजूत घालू. गेलो. स्कूटरपाशी वाकलो.

गंज जसाच्या तसा होता. पट्टी खाली उघडलेली होती.