घर तुमचंच समजा

मागच्या वेळी तुम्ही निघालात तेव्हा मी 'पुन्हा या' म्हणाले नाही, आणि ते तुमच्या मनाला लागलं असं कानावर आलं. लागणारच. दारापर्यंत सोडायला यायचं आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, ही कुठली रीत? म्हणून आज मुद्दाम बोलावलं. बसा, चहा घ्या. दिवा राहू दे तसाच, मोठा दिवा डोळ्यांवर येतो. भुताखेतांवर माझा काही विश्वास नाही, हे आधीच सांगते. मी आपली एका पाहुणीची हकीकत सांगणार आहे.

आम्ही दोघांनी ह्या परक्या देशात बरीच वर्षं शहरात काढली. फ्लॅट म्हणजे नुसती काड्यापेटी. नवऱ्याच्या डोक्यात मात्र एकच खूळ होतं, की खेड्यात जुनं घर घ्यायचं, आपल्या हातांनी दुरुस्त करायचं आणि तिथेच म्हातारं व्हायचं. इकडे अशी घरं विकायला असतात पुष्कळ. त्याच्या या खुळाचं मूळ मला ठाऊक होतं. तो अगदी लहान असताना त्याची आई गेली. वडिलांची बदलीची नोकरी. थोरल्या बहिणीने त्याला वाढवलं, आणि ती दोघं आज या काकांकडे तर उद्या त्या आत्याकडे, अशी राहिली. आपलं म्हणावं असं दार त्याला कधी मिळालंच नाही. म्हणून मी फार ताणून धरलं नाही. लग्न ठरलं तेव्हा माझी आई म्हणाली होती, सासू नाही, नशीब काढलंस. मी हसले होते.

घर दगडी होतं, गावाच्या अगदी टोकाला. छप्पर गळकं, खिडक्यांना बुरशी, पण खाली प्रशस्त स्वयंपाकघर आणि त्यात लाकडावर चालणारी मोठी लोखंडी शेगडी. वर दोन खोल्या आणि जिन्याशेजारी एक लहानशी तिसरी. ती मुलांसाठी म्हणून काढलेली, पण मूल झालंच नाही, असं एजंट म्हणाला. मालकीणबाई एकट्याच उरल्या होत्या. आता त्या तालुक्याच्या गावी वृद्धाश्रमात जाणार होत्या.

किल्ली घ्यायला गेलो त्या दिवशी नवरा आणि एजंट तळघरात बॉयलर बघायला उतरले. वर आम्ही दोघीच. म्हातारी जायच्या तयारीनेच बसली होती. अंगात कोट, पायाशी बॅग. कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास. तिने मला चहा दिला, स्वतः घेतला, आणि संपल्यावर कप बशीत पालथा घातला. मग उठली आणि भिंतीकडे बघत राहिली. मला भरून आलं. आपल्याकडे कुणी निघालं की जे तोंडातून आपोआप येतं, तेच मी इकडच्या भाषेत म्हणाले.

"घर तुमचंच समजा. कधीही या."

आपल्याकडे यावर माणूस 'हो हो' म्हणतो आणि चपला घालतो. वळकटी घेऊन कुणी येत नाही. पण इकडे हे वाक्यच नाही. इकडे घर विकलं की विकलं. म्हातारी थबकली.

"खरंच?"

"खरंच."

"कधीही?"

"अहो, कधीही."

तिने माझा हात दोन्ही हातांत धरला, आणि बराच वेळ सोडला नाही. वर आलेल्या एजंटने बॅग उचलली तेव्हा कुठे सोडला.

घर पाहावं बांधून म्हणतात, मी म्हणते घर पाहावं दुरुस्त करून. एक भिंत खरवडली की दुसरी रडायला लागते. दिवसभर सिमेंट, पॉलिश पेपर, धूळ. पहिल्याच आठवड्यात मी सकाळी खाली आले तर टेबलावर एक कप बशीत पालथा. मला वाटलं नवऱ्याने ठेवला. त्याला वाटलं मी. मग मिठाची बरणी जागा बदलायला लागली. मी शेगडीच्या डावीकडे ठेवावी, तर दुपारी ती उजवीकडे. टेबल मी भिंतीला लावावं, तर ते खिडकीशी. सासू असती तर हेच झालं असतं, असं मनाशी म्हणून मी हसायची. खरं सांगायचं तर दुपारी स्वयंपाकघरात एकटीने बसायचं मी टाळायला लागले होते. तिथे डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा आणि सगळी कपाटं तर मी स्वतः धुतलेली.

नवरा मात्र खुलत होता. बाहेरून गारठून आला की त्याचा दुसरा कोट शेगडीजवळ ऊन करून ठेवलेला. बूट कागद कोंबून वाळत घातलेले.

"किती करतेस गं माझ्यासाठी," तो एकदा म्हणाला.

मी काहीच केलं नव्हतं. पण इतक्या वर्षांत त्याने असं म्हटलं नव्हतं, म्हणून मी गप्प बसले.

मग पाण्याचं निघालं. प्लंबरला मुख्य व्हॉल्व्ह सापडेना. बिचाऱ्याने सगळं अंगण उकरलं. शेवटी मी म्हटलं, म्हातारीला विचारून येते. तेवढीच भेट होईल. बस धरून वृद्धाश्रमात गेले. तिथल्या बाईने नाव ऐकलं आणि खुर्ची पुढे केली.

"तुम्हाला कळवलं नाही का कुणी? त्या आल्या त्याच आठवड्यात गेल्या."

मला खरंच वाईट वाटलं. काही त्रास झाला का, मी विचारलं.

"नाही. शांतपणे गेल्या. फक्त बॅग उघडू देईनात. म्हणायच्या, मला इथे राहायचं नाही… मला घरी बोलावलंय."

परतीच्या बसमध्ये मी हात कोटाच्या खिशात घालून बसले होते, तरी बोटं गरम होईनात. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. हिची मेल्यावरही गेली नव्हती. घरी पोचले तर प्लंबर हत्यारं आवरत होता. व्हॉल्व्ह सापडला होता, लाकडाच्या शेडमध्ये, एका फरशीखाली.

"तुमच्या मिस्टरांनी सरळ जाऊन फरशी उचलली," तो म्हणाला.

मी नवऱ्याला विचारलं, तुला कसं कळलं?

"सांगितलं ना मला."

"कुणी?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "तूच ना?" म्हणाला, पण त्याचा त्यालाच भरवसा वाटत नव्हता.

त्या दिवसापासून मी घाबरले, आणि माझ्या स्वतःसाठी नाही. मला तिने कधी टाचणी टोचली नाही. भीती होती ती याची की माझा माणूस माझ्या डोळ्यांदेखत तिच्याकडे चालला होता. बहिणीला दर रविवारी फोन करायचा, ते थांबलं. स्वयंपाकघरात एकटा बसून बोलायचा, तेही त्यांच्या भाषेत, हळू आवाजात, मधेमधे थांबून, जसं कुणाचं ऐकून घ्यावं तसं. मी आत गेले की गप्प. आणि चहा पिऊन झाला की कप पालथा.

एका दुपारी तो वर रंग देत होता तेव्हा मी शेगडीपुढे उभी राहिले. पाहुण्याला 'जा' म्हणायची आपल्याला सवय नसते. जीभ रेटत नव्हती. तरी म्हणाले, "बाई, पुष्कळ झालं. तुम्ही आता जा."

खिडकीशी असलेली खुर्ची फरशीवर जराशी सरकली. एवढंच. पण जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि हा दारात उभा. हातात ब्रश, डोळ्यांत पाणी.

"कुणाला घालवतेस?"

"तुला माहीत आहे कुणाला."

"ती गेली तर…" एवढा मोठा बाप्या, ओठ काढून उभा होता. "मला आत्ता कुठे मिळालीय गं."

मी म्हटलं, मग एक तर ती, नाही तर मी. त्याने उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे पाहिलं नाही. खुर्चीकडे पाहिलं. मी बॅग भरली आणि शहरात आले, ह्याच खोलीत. वाटलं होतं, दोन दिवसांत येईल मागे धावत.

तो आला नाही. फोन उचलेना. शेवटी मीच गेले, भर उन्हाची. घर ओळखू येईना इतकं देखणं झालेलं. छप्पर नवं, खिडक्या रंगवलेल्या. आणि वरच्या त्या लहान खोलीला नवे पडदे. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, रुसवा काढायची तयारी चाललीय, माझ्यासाठीच लावतोय खोली. किल्ली होती पर्समध्ये, तरी बेल वाजवली.

त्याने दार उघडलं. भांग दुसऱ्या बाजूला पाडलेला. "या, बसा," म्हणाला, त्यांच्या भाषेत. आमच्या दोघांत मराठीशिवाय भाषा कधी आली नव्हती, भांडणातसुद्धा नाही. त्याने मला पुढच्या खोलीतल्या पाहुण्यांच्या खुर्चीवर बसवलं. चहा आणला. हवा कशी आहे, बसला गर्दी होती का, असं अदबीने विचारलं. राग नाही, ओळखही नाही. मी मराठीत म्हणाले, "अरे, मी आहे… असं काय करतोस?"

तो हसला, आणि आपल्याला न कळणारं कुणी बोललं की आपण घरातल्या मोठ्या माणसाकडे बघतो ना, तसं त्याने स्वयंपाकघराकडे बघितलं.

मला तिथे रडायचं नव्हतं. उठले. तो दारापर्यंत सोडायला आला, आणि म्हणाला,

"घर तुमचंच समजा. कधीही या."

इकडे हे वाक्य कुणी म्हणत नाही हो. मी म्हणाले होते तेव्हा हा तळघरात होता, आणि मी त्याला कधी सांगितलेलंही नव्हतं. दार हळूच लागलं. आतून खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग दुसरी.

मग ताईंना कळवलं, म्हणजे नणंदबाईंना. भावाला त्यांनीच आईसारखं केलेलं, आता त्यांच्याशिवाय तो कुणाचं ऐकणार नव्हता. त्या विमानाने आल्या. ह्याच टेबलाशी बसवून मी त्यांना सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मला त्याचा फोन आला होता मागे."

"तुम्ही मला बोलला नाहीत, ताई."

"कसं बोलणार? म्हणाला, आई इथे आहे… बोल तिच्याशी."

"मग?"

"बोलले."

"ताई, ती कुणीतरी परकी बाई आहे. तिला आपली भाषासुद्धा…"

"तो लहान होता तेव्हा. मी मोठी होते." ताई खाली बघून बोलत होत्या. "मला आईचा आवाज आठवतो गं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, फार वणवण केलीस बाळा. आता ये… वरची लहान खोली तुझ्यासाठी लावून घेतलीय."

पडदे कुणासाठी होते ते मला तेव्हा कळलं. मी त्यांना हात जोडले. म्हटलं, जाऊ नका. आणि जायचंच असेल तर दोघी जाऊ. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, पटलं.

सकाळी उठले तर ताई ह्या खुर्चीत बसलेल्या. अंगात कोट, पायाशी बॅग.

"तू नको येऊस," म्हणाल्या. "बघून येते मी."

मी खूप विनवलं. हात धरला, त्यांनी तो हळूच सोडवून घेतला. बसपर्यंत सोडायला गेले. खिडकीतून त्यांनी हात केला, आणि चेहरा इतका निवलेला होता की मला त्यांचा हेवा वाटला. त्या अजून आलेल्या नाहीत. दोघांचाही फोन लागतो, वाजत राहतो.

बस गेल्यावर मी परत आले. ओट्यावर त्यांचा चहा पिऊन झालेला कप होता, बशीत पालथा घातलेला. आदल्या दिवशी मी ताईंना सगळं सांगितलं होतं, मीठ, कोट, व्हॉल्व्ह, सगळं. कपाचं तेवढं सांगायचं राहून गेलं होतं.