बधिर जबड्याची साक्ष

“वहिनी, बाबा ह्यांना चोर म्हणतात!” मुलगी दारातूनच रडायला लागली. “आज व्हायोलिन सापडलं नाही तर ह्यांनी घर सोडायचं, असं बजावलंय. मीही जाणार ह्यांच्याबरोबर. पण बाबा एकटे पडतील हो!”

गुप्तहेर वहिनींनी तिला पाणी दिलं. त्यांना वहिनी म्हणायचा हक्क खरं तर एकट्या भाऊजींचा, म्हणजे त्यांच्या धाकट्या दिराचा. पण हा दीर प्रत्येक तपासात मागे मागे असे आणि एवढ्या मोठ्याने हाक मारी, की त्या साऱ्या जगाच्याच वहिनी झाल्या होत्या.

हकीगत अशी. मुलीचे वडील वाद्यं दुरुस्त करत. जावई त्यांच्याच हाताखाली शिकला, आणि हल्ली गिऱ्हाइकं “जावयालाच द्या” म्हणू लागली होती. त्याने दुरुस्त केलेलं एक व्हायोलिन काल दुपारी पेटीसकट नाहीसं झालं. संध्याकाळी मुलीने समोरच्या शिंपीणबाईंना फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

“मी विचारलं, आमच्या दुकानाच्या दाराची घंटा किती वाजता वाजली? त्या ओरडल्या, तीन वाजताच दार उघडलं! मी पुन्हा विचारलं, तीन वाजताच? तर म्हणाल्या, हो हो, तेच!”

“आणि तीनला दुकानात कोण होतं?”

“हेच, काउंटरवर. म्हणतात, कुणीच आलं नाही. बाबा तर सलूनमध्ये होते.”

“भाऊजी, त्याच सलूनमध्ये दाढी करून या. डोळे उघडे ठेवा.”

दुकानात जावई स्टुलावर चढून, दार उघडताच वाजणारी वरची घंटा पुसत होता. हकालपट्टीच्या दिवशीसुद्धा त्याचं काम चालूच! “जेवणाच्या सुमारास मी मागच्या खोलीत लाकूड चिकटवायचा सरस उकळत होतो,” तो म्हणाला. “तो सोडून हलता येत नाही. पण घंटा वाजली असती तर ऐकलीच असती.”

एवढ्यात सासरे चौकटीखाली वाकून आत आले. “मग शिंपीणबाई काय वेड्या आहेत?” ते गरजले.

वहिनी समोर गेल्या, तर शिंपीणबाईंचा गाल टम्म सुजला होता. “तीनला? तेव्हा मी दाताच्या डॉक्टरांपुढे तोंड वासून पडले होते. जेवल्याबरोबर गेले, ती दिवेलागणीला परतले. फोनच्या वेळी जबडा बधिर होता नुसता. दार उघडलेलं पाहिलं खरं, पण शिवणावरून मान वर करेपर्यंत माणूस आत गेलेला. फोनवर बोलले ते अक्षर न् अक्षर खरं!”

“वहिनी, ही बाई धादांत खोटं बोलते!” परतलेले भाऊजी गुळगुळीत गालांनी कुजबुजले.

“सलूनमध्ये काय पाहिलंत?”

“आरसे, जुनी मासिकं, खुर्चीखाली वस्तऱ्यांची एक लांबट काळी पेटी. संशयास्पद काही नाही.”

वहिनींना हसू आवरेना. त्यांनी सगळ्यांना दुकानात जमवलं.

“कान फक्त आवाज आणून टाकतात. त्याचे शब्द पाडायचं काम मनाचं. मानसशास्त्र पहिल्याला संवेदना म्हणतं, दुसऱ्याला अवबोध. मुलीने ‘किती वाजता’ विचारलं, त्यामुळे सगळ्यांची मनं आकड्याची वाट बघत बसली. शिंपीणबाई, सावकाश सांगा. घंटेचं काय झालं?”

“किती वेळा सांगू? ती... न... वाजताच दार उघडलं!”

मुलीने कपाळावर हात मारला.

“बधिर जबड्याने शब्द चिकटवले आणि तुम्ही त्यातून ‘तीन’ कापून काढले. दार उघडलं जेवणाच्या वेळी, शिंपीणबाई डॉक्टरांकडे जाण्याआधी, जावई मागे असताना. घंटा गप्प राहिली, कारण कुणीतरी ती हाताने धरली. जावयाला तिथे पोचायला स्टूल लागतं. परक्याला घंटेचा पत्ताच नाही. उरला घरातला एक उंच माणूस.”

सासरे छताकडे बघू लागले.

“आणि भाऊजी, एवढ्या लांब पेटीत वस्तरे? डोळ्यांनी व्हायोलिनची पेटी पाहिली, तुमच्या मनाने तिच्यात वस्तरे भरले.”

“अरेच्चा!” म्हणत भाऊजी सलूनकडे पळाले.

सासऱ्यांचा आवाज खाली आला. “मला हल्ली कुणी काम देत नाही. वाटलं, एकदा याची फजिती व्हावी. रागाच्या भरात घर सोड म्हणालो. पण पोरही निघाली तेव्हा मी गळाठलो.”

“मग ह्यांची माफी मागा, बाबा.”

“चुकलं,” सासरे मिशीत पुटपुटले.

जावयाने कान पुढे केला. “सुकलं? काय सुकलं?”

“चुकलं रे! माझं चुकलं!” ते एवढ्याने ओरडले, की रस्त्यावरची माणसं थबकली.

“ऐकू मघाशीच आलं होतं,” जावई हसला. “आता पोचलं.”