पक्क्या गोंदाची कडी

तो गोंद आधी खाली ठेव. हो, तुलाच म्हणतोय. मैद्याची खळ मी काय हौसेनं शिजवलीय? मोबाईलवर बघून तुम्हाला जुन्या पद्धतीच्या सजावटीची हुक्की आली, करा खुशाल. कागदाच्या साखळ्या करा, चांदण्या करा. पण चिकटवायचं खळीनंच. का, ते सांगतो. मग म्हातारा खुळावलाय की काय, ते तुम्ही ठरवा.

माझं फ्रेमचं दुकान होतं तेव्हा शेजारच्या गाळ्यात एक बाइंडर होता. त्यानं बांधलेलं पुस्तक फाटेल पण सुटायचं नाही, अशी त्याची ख्याती, आणि त्याचा त्याला थोडा माजही होता. बायको शेजारी बसून पानांच्या जुड्या शिवायची. नवी होती तेव्हा कागद कापायच्या सुरीनं तिचा उजवा अंगठा आडवा कापला होता. व्रण कायमचा राहिला. ती गेली. ताप काय आला, आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं. मागे हा आणि नऊ वर्षांची पिंगी.

त्याला अकरा महिने झाले, सणाचे दिवस आले, आणि एका दुपारी हा माझ्या दुकानात डोकावला.

"रंगीत कागद आणायला निघालोय. पिंगीला आईसारखीच साखळी हवीय. बाजारातले दिवे नकोत म्हणते."

"मग आण की. तोंड का पाडलंयस?"

"तिच्या माहेरची रीत माहितीये ना तुला? माणसागणिक एक कडी. गेलेल्यांचीसुद्धा. यंदा तिचीही करायची."

रीत मला माहीत होती. तीच दरवर्षी हसत हसत सांगायची. पट्टीवर आतून नाव लिहायचं, मग तिची कडी करायची. साखळी घरात असेपर्यंत गेलेली माणसं येऊन बसतात. सुट्टीच्या शेवटच्या रात्री साखळी पाण्याच्या बादलीत सोडायची. खळ विरघळते, कड्या आपोआप उघडतात, आणि आलेले आपल्या वाटेनं जातात. कात्री लावायची नाही, फाडायचं नाही. आत नाव असतं.

बापलेकीनं साखळी केली. नावं सगळी पिंगीनं लिहिली. आजी, आजोबा, बाबा, स्वतःचं, आणि आई. कड्याही तिनंच खळीनं चिकटवल्या. आईची तेवढी यानं मागून घेतली. बायकोनं जपून ठेवलेला नक्षीचा कागद काढला, घरातल्या कामाच्या टेबलाशी बसला, आणि लावला बाइंडिंगचा पक्का गोंद. चिमटा लावून रात्रभर सुकवला. मला म्हणाला, सवयीनं हात गेला. गेलाही असेल. मी काही त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही.

सण बरा गेला. पिंगी कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवली, हसली.

शेवटची रात्र रविवारची. साडेनऊला त्यानं बादली भरली. दहापर्यंत पिंगीची कडी उघडली, बाबांची उघडली, आजी-आजोबांच्या उघडल्या. पट्ट्या पाण्यावर तरंगायला लागल्या. आईची कडी तळाशी तशीच. अकरापर्यंत तशीच.

"आई नाही जाणार?" पिंगीनं विचारलं.

"राहू दे," हा म्हणाला. "राहिली तर काय बिघडलं?"

कडी पुसून त्यानं टेबलाच्या खणात ठेवली. बाकीच्या पट्ट्या कचऱ्यात टाकल्या, त्या सकाळी गाडीबरोबर गेल्या. आणि त्या रात्री तो वर्षभरात पहिल्यांदा सुखानं झोपला. हे त्यानंच मला सांगितलं, मान खाली घालून.

सोमवारी रात्री दोन पन्नासला त्याला जाग आली. बाहेरच्या खोलीत भिंतीवरून कुणीतरी हात फिरवत होतं. दिवे गेल्यावर आपण दार चाचपतो, तसं. त्यानं दिवा लावला. कुणी नाही.

मंगळवारी पुन्हा. दोन पन्नास. आता दाराचा बोल्टही खडखडत होता. आतून.

त्यानं हाक मारली. बायकोला घरात मारायचा तीच. आवाज थांबला नाही. भिंतीवरचा हात फिरतच राहिला. त्याच्या मनात आलं, हिला मी ऐकूच येत नाही.

बुधवारी पिंगी तापली. आईला आला होता तसाच ताप. डॉक्टरांचं औषध झालं, उतार पडेना. संध्याकाळी तो येऊन माझ्या दुकानात नुसता उभा राहिला.

"पिंगी म्हणते, आई रात्री उशाशी येऊन विचारते, दार कुठंय. ही दाखवते. तिला दिसत नाही. काल म्हणाली..."

"काय म्हणाली?"

"तूच चल. मला सोडायला."

मी म्हटलं, "आजच्या आज उघड ती कडी."

"कात्री कशी लावू रे? नाव आहे तिचं."

"बाइंडर ना तू? जुनी पुस्तकं कशी उकलतोस?"

तो तसाच मागं वळला. घरी गेला.

त्या रात्री त्यानं किटली चढवली. वाफेवर कडी धरली. सुरीचं बोथट टोक सांध्यात घालायचा, केसभर सरकवायचा. पुन्हा वाफ. पुन्हा केसभर. गोंद त्याच्याच हातचा. सुटेना. एक वाजला. दोन. बोटं भाजून निघाली.

दोन पन्नास.

आतल्या खोलीत पलंग करकरला. पिंगी बाहेर आली. डोळे मिटलेले. उजवा हात जरा वर... कुणीतरी धरल्यासारखा. टेबलाजवळून गेली. बापाकडे पाहिलं नाही. दारापाशी थांबली. डावा हात उचलला.

बोल्ट सरकला.

उठून तिला धरावं, तर सांधा पुन्हा बसणार. अर्ध्याच्या वर सुटला होता. तो उठला नाही. वाफेत हात तसाच धरला.  आणि मग वर्षभर जो शब्द बोलला नव्हता तो बोलला.

"जा."

सांधा सुटला.

दार उघडलं. गार वारा आत आला. पिंगीचा हात खाली पडला... आणि ती उंबऱ्यातच बसली. त्यानं धावत जाऊन तिला उचललं. अंग गार. ताप नव्हता. ती म्हणाली, "बाबा, तहान लागली."

इतकंच असतं, तर मी तुमच्या हातून गोंद काढून घेतला नसता.

सकाळी तो दार लावायला गेला. बोल्टला कागदाची एक कडी अडकवलेली होती. आतून पिंगीच्या अक्षरात 'बाबा'. रविवारी पाण्यात उघडलेली, सोमवारी कचऱ्याच्या गाडीत गेलेली पट्टी. आता पुन्हा चिकटलेली. पक्क्या गोंदानं. त्यानं पाण्यात ठेवली, वाफ दिली. काही केल्या उघडली नाही.

पिंगी आता तिच्या संसारात आहे. बापाला राहायला बोलावते. हा एकही रात्र घराबाहेर काढत नाही. म्हणतो, निघतो मी, पण दारापर्यंत गेलो की दारच सापडत नाही.

ती कडी मी पाहिलीय, दुकानातल्या भिंगाखाली. सांध्यावर ओल्या गोंदात अंगठा दाबल्याचा ठसा आहे. लहान, बायकी. आणि ठशात मधोमध एक आडवी रेघ.