नाताळचं कापड

हर्षाली आणि स्टेफान यांची पहिली भेट बेल्ह्याच्या बाजारात, एका मेंढ्याच्या तोंडात झाली.

झालं असं, की मेंढा दोन दाती, म्हणजे तरणा, आहे हे व्यापारी आईची शपथ घेऊन सांगत होता. महाळुंगे पडवळच्या ज्योतिबाची हर्षाली जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला. तिचा शपथेपेक्षा दातांवर विश्वास. तिनं मेंढ्याचा खालचा ओठ ओढला... आणि त्याच क्षणी पलीकडून एक गोरापान हात आत आला. बोटांना बोटं लागली. तिनं वर पाहिलं. निळे डोळे, पिंगट दाढी, खांद्यावर घोंगडी.

"आठ दात हायेत," निळे डोळे मराठीत म्हणाले. "म्हातारा हाय ह्यो. फशिवत्यात आपल्याला."

त्यातल्या 'आपल्याला'वर हर्षाली उगाचच लाजली. मेंढ्याला काही त्यात रस नव्हता. त्यानं तोंड मिटायला घेतलं, तसे दोघांनी हात काढले.

"मराठी कुठं शिकलात?"

"मेंढक्यांकडं. वरीसभर मेंढरामागं फिरतोय."

"तरीच! मेंढरांना समजेल अशीच बोलता."

"तुमाला समजली की!"

स्टेफान आईसलँडचा. तिकडं बापाच्या दोनशे मेंढ्या. हा इथल्या लोकरीचा अभ्यास करायला आलेला. महाळुंग्यात त्यानं खोली घेतली आणि तीन मेंढ्या पाळल्या. 'स्टेफान' म्हणणं गावाला जड जाई, म्हणून आठ दिवसांत त्याचा सोपान झाला.

पुढं सोपानच्या मेंढ्या फार आजारी पडू लागल्या.

"ही लंगडते म्हणालात?"

"सकाळी लंगडत व्हती."

"आणि आता?"

"तुमाला बघून बरी झाली."

"मग मला बघायला हिला कशाला चालवत आणता? एकटे येत जा की..." हर्षाली बोलून गेली, आणि मग बराच वेळ मेंढीच्या ठणठणीत खुराकडं पाहत बसली.

असं सगळं वर्षभर रीतसर चाललं होतं. 'तुम्ही'चं 'तू' झालं. फक्त मुद्द्याचं कुणी बोललं नाही. सोपानचं काम संपत आलं होतं. दोन जानेवारीचं विमान होतं. राहणार की कायमचा जाणार, हे तो सांगेना आणि ती विचारीना. तिनं दवाखान्याच्या कॅलेंडरवर दोन तारखेच्या चौकोनात 'लसीकरण' असं ठळक लिहून ठेवलं — म्हणजे तो दिवस दिसायला नको.

डिसेंबरात सोपान म्हणाला, "आईबाबा नाताळला येतायत. माझी खोली लहान हाय... तुमच्या अंगणात करू?"

"कर की. काय आणायचं?"

"काय नको. आई समद्यांना कापडं आणतीय. आमच्याकडं नाताळला नवं कापड मिळालं न्हाई, तर एक लई मोठं मांजर येऊन माणूस खातं."

"आमच्याकडं त्याला बिबट्या म्हणतात," हर्षाली म्हणाली. "तो कापडं बघत नाही."

आईसलँडात नाताळ चोवीस तारखेला संध्याकाळी सहाला लागतो. महाळुंग्यात तो साडेचारलाच लागला, कारण वस्तीवरची सगळी माणसं पाहुणे बघायला तेव्हाच आली. अंगणातल्या शेवग्याला पोरांनी चांदण्या लावल्या. चुलीवर मटणाचा रस्सा रटरटत होता. सोपानची आई सिग्रुन चाकूनं पोळ्यांवर पानांची नक्षी कापून त्या तळत होती, आणि हर्षालीची आई निर्मला पहिल्या पाहुणचाराचे पोहे परतत "एवढी नक्षी काडून शेवटी खायचंच न्हवं?" असं मराठीत विचारत होती. त्याचा बाप गुन्नर आणि हिचा बाप ज्योतिबा यांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. त्यामुळं त्यांचं फार चांगलं जमलं. दोघं मेंढवाड्याकडं गेले ते गेलेच.

सहा वाजले. सिग्रुननं पिशवी उघडली, स्वतःच्या हातानं विणलेला निळा स्वेटर काढला आणि सगळ्यांच्या आधी हर्षालीच्या डोक्यातून घातला. वर गालाचा मुका घेतला.

अंगणातल्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं.

हर्षालीची आत्या प्रयागबाई उठली. गावातली निम्मी लग्नं तिनं जमवलेली. "पोराची आई," ती सावकाश म्हणाली, "सातासमुद्रापलीकडनं येती. पाच सवाष्णींच्या देखत पोरीच्या अंगावर कापड घालती. निर्मला, कुक्कू आन. साखर आन!"

"आत्या, तसं न्हाई ओ..." सोपान उठला.

"तू गप. नवरदेवानं बोलायचं नसतं."

एरवी नवरीनंही बोलायचं नसतं. पण गप्प बसवलेला नवरदेव सोडला, तर अंगणात इंग्रजी धड येणारी हर्षालीच. त्यामुळं स्वतःच्याच पसंतीच्या बैठकीत दुभाषी होण्याचा मान तिला मिळाला.

"इचार त्यांला, पोरगी पसंत हाय का?"

हर्षालीनं इंग्रजीत विचारलं, "आत्या विचारते, पोहे आवडले का?"

"फारच! जरा तिखट आहेत, पण सवय होईल," सिग्रुन म्हणाली.

"त्या... घर छान आहे म्हणतात."

"घराला काय करायचं? बरं, इचार, लगीन हिथं का तिकडं?"

"आत्या विचारते, तिकडं थंडी किती असते?"

"सहा महिने दाराबाहेर पडवत नाही."

"अजून ठरलं नाही म्हणतात."

तिच्याखेरीज दोन्ही भाषा कळणारा एकच माणूस त्या अंगणात होता. तो कोपऱ्यात तोंडावर घोंगडी दाबून बसला होता. त्याचे खांदे हलत होते. हर्षालीनं डोळे वटारले. खांदे जास्तच हलले.

"आता शेवटचं इचार," प्रयागबाई म्हणाली. "पोरगा हिथं ऱ्हानार, का पोरीला हुरहूर लावून जानार?"

हर्षालीनं तोंड उघडलं... पोहे, थंडी, विमानाचा प्रवास — विचारण्यासारखं पुष्कळ होतं. पण या वेळी थाप मारवेना. गेला महिनाभर तिला झोप लागू न देणारा प्रश्न आत्यानं सुपारी कातरता कातरता विचारून टाकला होता.

घोंगडी बाजूला झाली. सोपान आता हसत नव्हता.

"ह्ये का न्हाई विचारत त्यांना?" तो हळूच म्हणाला.

"ह्याचं उत्तर त्यांच्याकडं नाही," ती म्हणाली. "तुझ्याकडं आहे. राहणार... का जाणार?"

"वरीसभर वाट बघितली, तू इचारशील म्हणून."

"आणि मी वाट बघत होते, तू सांगशील म्हणून!"

"दोगंबी येडी," प्रयागबाई म्हणाली. नवरदेव बोलतोय, हे तिनं या वेळेपुरतं मनावर घेतलं नाही.

"जानार," सोपान म्हणाला. हर्षालीचा चेहरा उतरायच्या आत त्यानं घाईनं पुढचं सांगितलं, "पण परत यायला. मे महिन्यात मेंढ्या वितात, बाबांना हात लागतो. सप्टेंबरात डोंगरावरनं कळप खाली आणायचा. तेवढं झालं की हिथं. दर वरसाला. तू... तूबी येशील? तेवढ्यापुरती बिनपगारी रजा काढून?"

तेवढ्यात दोन्ही बाप परतले. गुन्नरच्या कडेवर कोकरू होतं. जुन्नर भागात येऊन माणसाला दुसरं काय हवं, असा त्याचा चेहरा.

"ज्योतिबा, पोरीला मागणी आली," प्रयागबाईनं जाहीर केलं. "वरसातनं पाच म्हैनं तिकडं म्हनत्यात."

ज्योतिबानं मुलीकडं पाहिलं. नव्या स्वेटरात ती त्याला एकदम लहान दिसली. त्यानं पागोटं काढलं, उगाचच झटकलं, परत घातलं.

"लई लांब हाय गं..."

"हो, बाबा."

"माझा बाप मेंढरं घिऊन आठ म्हैनं कोकणाकडं असायचा. आय कधी रडली न्हाई. वाट बघायची, आन् आला की भांडायची. पाच म्हैन्याचं काय... जमतंय. तुझ्या मनात हाय का, तेवढं सांग."

हर्षालीनं मान डोलावली. डोळे भरले होते, आणि स्वेटर गळ्याशी टोचत होता.

"मग त्या माउलीला सांग की," प्रयागबाई म्हणाली. "मगाधरनं नुसती हसतीय बिचारी."

हर्षाली सिग्रुनसमोर बसली. इंग्रजीत, अडखळत, एकही शब्द न बदलता तिनं सगळं सांगितलं — आत्यानं काय काय विचारलं होतं, आपण काय काय सांगितलं, आणि आत्ता स्टेफाननं काय विचारलं.

सिग्रुननं तिचे दोन्ही हात धरले. "आणि तू काय म्हणालीस?"

हर्षालीनं मागं वळून सोपानकडं पाहिलं. निळे डोळे उत्तराची वाट पाहत होते.

"अजून काहीच नाही," ती म्हणाली. मग त्याच्यावरची नजर न काढता, त्याच्याच मेंढक्यांच्या बोलीत म्हणाली, "येते की! पर विमानात खिडकीची जागा माजी."