गळ्यातली सवत

यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही. ज्यांना खोटं वाटेल त्यांनी इथंच थांबावं, माझी हरकत नाही.

साल एकोणीसशे त्र्याऐंशी, वैशाख महिना. अफजलपूरच्या अलीकडे, भीमेच्या काठाला आमचा ऊस आहे. रात्र वगैरे नव्हती. भर दुपार होती आणि ऊन नुसतं रणरणत होतं.

मी मालकांची दुसरी बायको. पहिली, राजूबाई, तापानं गेली. आमच्याकडे रीत आहे... दुसरीनं पहिलीची प्रतिमा उठवलेला चांदीचा टाक गळ्यात घालायचा. नवं लुगडं आलं की आधी त्या टाकाला लावायचं. सणाला हळदकुंकू आधी तिला, मग मला.

मेलेली बाई माझ्याच गळ्यात बसून माझ्याआधी सगळं घ्यायची. मी तिच्यावर जळायचे. मालक माझ्याशी बोलता बोलता कधी कधी गळ्याकडे बघायचे, तेव्हा तर जास्तच.

त्या दुपारी मालकांनी ओल्या हातानं पंपाच्या स्टार्टरला हात लावला.

गडी धोंडप्पानं वाळल्या लाकडानं त्यांना बाजूला ढकललं. मालक बांधावर पडले ते पडलेच. श्वास नाही. नाडी नाही.

नशीब, सरकारी नर्स ईरम्मा वस्तीवर पोरांना लस टोचायला आली होती. ती धावत आली. छातीला कान लावला आणि दोन्ही तळहातांनी छाती दाबायला लागली.

"गुलबर्ग्याला शिकवलंय आम्हाला हे," ती म्हणाली. "धोंडप्पा, जीप घेऊन ये. अक्का, तू बस इथं, मी करायलेय तसं कर. एकटीचं काम न्हाई हे. चौघं तरी पाहिजेत, आलटून पालटून."

धोंडप्पा पळाला. आम्ही दोघीच उरलो.

मी दाबायला बसले. ईरम्मानं मालकांचं नाक धरलं आणि तोंडाला तोंड लावून श्वास फुंकला. मालक मेल्यासारखे पडलेले, तरी मला ते बघवेना. काय करणार, स्वभाव.

बांगड्या रुतायला लागल्या म्हणून मी त्या वर सारल्या आणि त्यावर घट्ट पदर गुंडाळला. गळ्यातला टाक दर खेपेला हिंदकळून हनुवटीला लागत होता. मी तो हिसडून काढला आणि बांधावर ठेवला.

टाक भुईवर ठेवायचा नसतो. मी ठेवला.

"अक्का, हात ढिले पडायलेत तुझे. सरक."

"मी दमले न्हाई."

"दमलेल्याला कळत न्हाई ते. वरवर दाबायलीस तू. कामून हट्ट करायलीस?"

नवरा माझा. मी कशाला सरकू? पण सरकावं लागलं. मग ती दमली, मी बसले. पुन्हा ती, पुन्हा मी. जीपचा पत्ता नाही. खांद्यापासून हात माझे राहिलेच नव्हते.

शेवटी मी दाबत असतानाच हात गळून पडले. मांडीवर. उचलेनात. घसा इतका कोरडा की ईरम्माला सांगताही येईना. ती मालकांच्या तोंडाशी वाकलेली होती.

आणि तेवढ्यात...

किण... किण... किण...

बांगड्यांचा आवाज. माझ्या तर पदराखाली दाबलेल्या होत्या. ईरम्माच्या हातात फक्त घड्याळ.

"आता बरोबर," ईरम्मा मान वर न करता म्हणाली. "अशीच खोल दाब, अक्का."

माझे हात मांडीवर होते.

मालकांचा सदरा छातीवर खाली दबत होता... वर येत होता. खोल. एका लयीत. मी दाबत होते त्याहून चांगला.

भूत बघितलं की माणूस घाबरतं म्हणतात. मी जळले. इथंही आधी तीच.

मला तिला ढकलायचं होतं. पण माझ्या हातात जोर नव्हता. तिला उठवलं असतं तर मालक गेले असते.

"दाब बाई," मी कशीबशी पुटपुटले. "तूच दाब."

किण... किण... किण...

मालकांना उचकी आली. मग श्वास आला.

गावानं माझं कौतुक केलं. ईरम्मा अजून सांगते, दोघींच्यानं होणारं काम नव्हतं ते, अक्काच्या हातात लई ताकद. मी ऐकून घेते. टाक मात्र सापडला नाही. बांध उकरून बघितला, तरीही.

मालक आज ठणठणीत आहेत. दुपारी जेवून आडवे होतात, मी शेजारी बसते. छातीवर हात ठेवायला जावं, तर झोपेतच माझा हात बाजूला सारतात.

आणि मग सदरा दबतो... वर येतो.

श्वास नाही तो. श्वास वेगळा चाललेला असतो.

इतकी वर्षं झाली, ती थांबलेली नाही. तिचे हात भरून आले तर काय होईल, या विचारानं मी त्यांच्या शेजारून उठत नाही.

परवा मी तिला म्हणाले, "बाई, सरक. आता मी बसते."

सदरा तसाच दबत राहिला.

दमली तरी ती मला जागा देणार नाही. तिच्या जागी मी असते, तर मीही दिली नसती.