मागाल ते

आमोद काय करतो हे कुणाला सांगायची वेळ आली की त्याचे वडील, अण्णा, "कॉम्प्युटरवर असतो" एवढंच सांगत आणि विषय पाणीकपातीवर नेत. खरं तर त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. एखाद्यानं घरी बसून एकट्यानं बनवलेले, दोन मिसळींच्या पैशांत मिळणारे व्हिडिओ गेम आमोद खेळायचा आणि त्यांची परीक्षणं लिहायचा. त्यातही त्याचा प्रांत उड्यांच्या गेमचा. एक बुटका माणूस डावीकडून उजवीकडे पळतो, फळीवरून फळीवर उडी मारतो, चुकला की खड्ड्यात पडतो आणि परत पहिल्यापासून सुरू. असले गेम ढिगानं निघतात, बरेचसे टाकाऊ असतात, आणि ते टाकाऊ आहेत हे कुणीतरी सभ्य भाषेत सांगावं लागतं.

कामाच्या दोन सवयी त्यानं कधी मोडल्या नाहीत. गेम संपवल्याशिवाय त्यावर एक ओळ लिहायची नाही. आणि खेळताना हेडसेटच्या माइकमध्ये मोठ्यानं बोलत राहायचं, म्हणजे नंतर रेकॉर्डिंग ऐकत लिहिता येतं. अण्णा मागच्या खुर्चीत पेपर घेऊन बसत आणि मध्येच म्हणत, "कुणाशी बोलतोस रे? समोर कुत्रं नाही ऐकायला."

अण्णा फाल्गुनात गेले. आमोदला रडू आलं नाही. आपल्याला काहीच कसं वाटत नाही याचंही त्याला वाईट वाटलं नाही. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात, मग ओठ आपला आहे की शेजाऱ्याचा हे कळत नाही, तसं ते होतं. फक्त ते उतरत नव्हतं. शनिवार पेठेतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तो उठे, चहा करी, दोन कप भरी, एक ओतून देई आणि कामाला बसे.

दहाव्याला ओंकारेश्वरापाशी घाटावर पिंडाला कावळा शिवेना. कावळे होते, अगदी ओळीनं बसलेले, पण एकही खाली येईना. मग रीतीप्रमाणे एकेकानं पुढं होऊन अण्णांना शब्द द्यायला सुरुवात केली. खोली तशीच ठेवू. मोत्याची भिकबाळी विकणार नाही. आमोदची थोरली बहीण नीरजा कात्रजहून आली होती. ती हात जोडून म्हणाली, "अण्णा, ओवीला मी जपेन. तिची काळजी करू नका."

ओवी म्हणजे नीरजाची मुलगी, दुसरीत असलेली. अण्णांचा जीव तिच्यात. कधीही बसनं कात्रजला जायचे, कुणाला न सांगता शाळेच्या फाटकावरून तिला घ्यायचे आणि उसाचा रस पाजून घरी सोडायचे. दिवाळीनंतर एकदा मात्र रस्ता चुकले आणि पोरीला घेऊन अंधार पडेपर्यंत फिरत राहिले. नीरजा त्या दिवशी नको तेवढं बोलली. "यापुढं आम्ही हो म्हटल्याशिवाय तिला हात लावायचा नाही." अण्णांनी मान हलवली आणि पुन्हा कात्रजला गेले नाहीत.

नीरजाचा शब्द ऐकून एक कावळा खरोखर खाली उतरला. पिंडाच्या अगदी जवळ आला, मान तिरकी करून तिच्याकडे बघितलं, आणि परत जाऊन बसला.

ऊन चढलं होतं. नीरजाचा नवरा प्रज्ञेश कंटाळून म्हणाला, "अण्णा, मागाल ते देतो, पण आता शिवा."

गुरुजींनी झटकन वर बघितलं. "ते परत घ्या."

"अं?"

"अहो, भिकबाळी म्हणा, खोली म्हणा, काय ते नेमकं म्हणा. 'मागाल ते' म्हणजे सही केलेला कोरा चेक. बँकेत देत नाही तो घाटावर द्यायचा? परत घ्या, शिवायच्या आत. नंतर काही उपयोग नाही."

प्रज्ञेशनं ओशाळून शब्द परत घेतला. मग गुरुजी आमोदकडे वळले. "तुम्ही धाकटे ना? बोला काहीतरी."

"मला काही सुचत नाहीये," आमोद म्हणाला.

शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. नीरजा रिक्षात बसताना म्हणाली, "एक शब्द तुझ्या तोंडातून फुटला नाही. ते अडकून राहिले असतील तर तुझ्यामुळं." तेव्हापासून तिचा फोन नव्हता.

चैत्रात एका दुपारी तो गेम आला. संपादक उल्कानं पाठवला होता. नाव नव्हतंच, बनवणाऱ्याचंही नाही. पेठेत त्या वेळी सगळी दारं बंद असतात, कूलरची घरघर सोडली तर आवाज नसतो. आमोदनं हेडसेट चढवला आणि बोलायला लागला.

"राखाडी रंग. बरे आहेत. संगीत नाही. माणूस म्हातारा आहे, बंडी आणि धोतर, म्हणजे बनवणारा आपल्याकडचा दिसतो. उडी जड. बटण दाबलं की लगेच उडत नाही, आधी गुडघ्यांवर हात ठेवतो, मग…"

अण्णा खुर्चीतून उठताना असेच दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवत. पण सगळेच म्हातारे तसे उठतात, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि तेही रेकॉर्ड झालं.

गेम अवघड नव्हता. शेवटच्या फळीवर एक पान होतं, पानावर पांढरा गोळा. वर, पडद्याच्या कडेला, एक काळा पक्षी. म्हातारा पानापाशी जाऊन उभा राहिला आणि पुढं काही होईना. आमोदनं सगळी बटणं दाबून बघितली, गेम बंद करून परत खेळला. म्हातारा उभाच. पक्षी वरच.

त्यानं उल्काला फोन लावला. "शेवट अडकतोय. बग आहे."

"काहीतरीच काय," उल्का म्हणाली. "मी खेळले ना. पक्षी लगेच खाली येतो, गोळ्याला चोच लावतो, संपलं. छान आहे रे, जरा उदास. परीक्षण उद्या संध्याकाळी टाकायचंय, तू आज संपव."

"माझ्याकडे येत नाहीये तो."

"मग तुझ्याकडेच काहीतरी प्रॉब्लेम असेल," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

आमोदनं हेडसेट परत चढवला. "ठीक आहे. घाटावर हेच झालं होतं," तो सपाट आवाजात म्हणाला. "तिथं खोली तशीच ठेवू म्हणाले होते. ठेवलीय."

पक्षी एक फळी खाली आला.

आमोदला भीती वाटायला हवी होती. त्याला आठवलं की गेमनं माइक वापरायची परवानगी मागितलेली नाही, आणि तो दोष परीक्षणात लिहायला हवा. "भिकबाळी कपाटात आहे," तो म्हणाला. पक्षी आणखी एक फळी खाली.

"ओवीला ताई जपतेय."

पक्षी पानापाशी उतरला. मान तिरकी केली. त्या चार काळ्या ठिपक्यांमध्ये मान तिरकी करणं बनवणाऱ्याला जमलं होतं, हे कौतुकाचंच होतं. मग तो उडाला आणि थेट सगळ्यात वर जाऊन बसला.

म्हातारा वळून पडद्याच्या बाहेर बघायला लागला.

आमोदनं घड्याळाकडे बघितलं. परीक्षण लिहायचं होतं, गेम संपल्याशिवाय लिहिता येत नव्हतं, आणि त्याला फक्त कंटाळा आला होता.

"बरं," तो म्हणाला. "मागाल ते."

पक्षी उडताना दिसला नाही. तो पानावरच होता. चोच गोळ्यात होती.

पडदा काळा झाला. आमोदनं संध्याकाळपर्यंत परीक्षण लिहिलं: उड्या जड, रंगसंगती चांगली, शेवट परिणामकारक, माइकची परवानगी न घेणं आक्षेपार्ह, पाचपैकी साडेतीन. उल्काला पाठवलं. रात्री त्याला झोपही चांगली लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी उल्कानं शेवटाचं एक चित्र मागितलं, म्हणून त्यानं गेम पुन्हा उघडला.

तो पहिल्यापासून सुरू झाला नाही. शेवटचीच फळी आली. पान रिकामं होतं. वरची पक्ष्याची जागा रिकामी होती. म्हातारा पाठमोरा उभा होता आणि एका हाताचं एकच बोट त्यानं मागं धरलं होतं, रस्ता ओलांडताना लहान मुलाला धरायला देतात तसं.

फळीच्या दुसऱ्या टोकाला एक छोटी आकृती होती. निळा फ्रॉक. दोन वेण्या, एकीची रिबीन सुटून लोंबत होती. ओवीची ती रिबीन रोज सुटायची, त्यावरून रोज बोलणी बसायची.

आमोदनं कंट्रोलर टेबलावर ठेवला, अगदी हलकेच, कुठलंही बटण दाबलं जाणार नाही असा. मग हेडसेट ओढून माइक तोंडापाशी आणला.

"परत घेतो," तो म्हणाला. "अण्णा, ते मी परत घेतो. नेमकं सांगतो, थांबा. मला घ्या. मी येतो."

त्याचा आवाज फुटला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्याबरोबर भीतीही आली. ऐकायला वर कुणी बसलेलं नव्हतं.

छोटी आकृती स्वतःहून एक पाऊल चालली.

त्यानं नीरजाला फोन लावला. तिनं तो उचलला तेव्हा मागं रस्त्याचे आवाज येत होते.

"आली का आठवण?" नीरजा म्हणाली.

"ताई, ओवी कुठाय?"

"शाळेत, अजून कुठं असणार? सुटली असेल. मी खाली गेटवरच उभी आहे व्हॅनची वाट बघत. काय झालं? रडतोयस तू?"

"तिला घरात घे. आधी घरात घे."

"अरे हो हो. ही बघ, आलीच व्हॅन, कोपऱ्यावर वळतेय." तिचा आवाज मऊ झाला. "आमोद, बरं झालं रडलास. थांब, ठेवू नकोस, तिच्याशी बोल. मामा म्हटल्यावर नाचेल."

आमोदनं डोळे पुसले. त्यानं पडद्याकडे बघायचं टाळलं, मग बघितलं. फळीवर कुणीच नव्हतं.

फोनमधून ब्रेकचा आवाज आला. दार सरकलं. पोरांचा गलका झाला आणि एकेक करून दूर गेला.

"अहो काका," नीरजा कुणाला तरी म्हणत होती, "आमची ओवी?"

व्हॅनवाला नवा असावा, ताई-ताई करत बोलत होता.

"तिचे आजोबा घेऊन गेले ना, ताई, फाटकावरनं. मी सोडत नव्हतो, पण ते म्हणाले, आता हरकत नाही, मामानं हो म्हटलंय."